साबणाच्या पाण्यावरील तेलथेंबांची समूहगती : एका वैज्ञानिक उपमेची चिकित्सा

प्रस्तावना :

पसरट भांड्यात साबणासारख्या द्रव्याचे पातळ द्रावण घेऊन त्यावर विशिष्ट तेलाचे थेंब अलगद सोडले, तर ते थेंब एका जागी स्वस्थ राहत नाहीत. ते सरकतात, वळतात, एकमेकांजवळ येतात, पुन्हा दूर होतात आणि त्यांच्या हालचालीत हळूहळू एक प्रकारची रचना दिसू लागते. भांड्याला कोणी धक्का दिलेला नसतो, वारा नसतो, थेंबांत जीवही नसतो. पदार्थविज्ञानात या आविष्काराला समूहगती असे म्हटले जाते. तिचे वर्णन करताना वैज्ञानिक लेखनालाही 'थवा', 'पाठलाग', 'पळ काढणे' अशा सजीवसृष्टीतील शब्दांचा आधार घ्यावा लागतो. उलट माणसांच्या गर्दीविषयी लिहिताना 'लोंढा', 'ओघ', 'लाट' असे जडसृष्टीतील शब्द सहज येतात. म्हणजे थेंबाला माणसाची आणि माणसाला थेंबाची उपमा दिली जाते.

या दुहेरी उपमेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. थेंबांच्या प्रयोगातून माणसांच्या समूहाविषयी काही शिकता येते काय, येत असल्यास नेमके काय आणि ती शिकवण कोठे थांबते, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. उत्तरांच्या पडताळणीसाठी वाशीम जिल्ह्यातील सोयाबीनच्या पिकाचे उदाहरण निवडले आहे. ज्या जिल्ह्याचा खरीप हंगाम एका तेलबियेभोवती फिरतो, तेथे तेलाच्या थेंबांची ही चर्चा केवळ प्रयोगशाळेपुरती राहत नाही.

प्रयोगाची पूर्वपीठिका :

या प्रयोगाचे मूळ देवघरातील कापरापर्यंत नेता येते. स्वच्छ पाण्यावर कापराचा लहानसा तुकडा टाकला की तो भिरभिरू लागतो. तेलकट बोट त्या पाण्याला लागताच मात्र तो थांबतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९० मध्ये कापूर थांबवण्यासाठी नेमके किती तेल लागते याचे मोजमाप केले. मोठ्या पसरट भांड्यातील पाण्यासाठी एक मिलिग्रॅमहूनही कमी ऑलिव्ह तेल पुरेसे ठरले आणि त्या थराची जाडी सुमारे १.६ नॅनोमीटर निघाली. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या अ‍ॅग्नेस पोकेल्स यांनी तर असा अभ्यास स्वयंपाकघरातच केला. त्या काळी तेथे स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. भांडी धुण्याच्या पाण्यावरील तेलकट थराचे निरीक्षण करता करता त्यांनी स्वतःचे मापनयंत्र सिद्ध केले. त्यांनी रॅले यांना लिहिलेले पत्र 'नेचर' या नियतकालिकात मार्च १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या घटनांमागील तत्त्व पृष्ठताणाचे आहे. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, साबण मिसळल्यास तो बराच कमी होतो. पृष्ठभागाच्या एका भागात ताण कमी आणि दुसऱ्या भागात जास्त असेल, तर द्रव कमी ताणाकडून जास्त ताणाकडे खेचला जातो. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्ये आणि इटलीचे कार्लो मारांगोनी यांनी १८६५ मध्ये याविषयी विवेचन केले. आज हा परिणाम मारांगोनी यांच्या नावाने ओळखला जातो.

थेंब का चालतो, समूह कसा बनतो :

सर्वच तेलांचे थेंब असे चालत नाहीत, ही बाब प्रथम लक्षात घ्यावी लागते. घरातील सोयाबीन तेलाचा थेंब साबणाच्या पाण्यावर टाकल्यास तो स्वतःहून धावत राहत नाही, कारण ते तेल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. चालणारा थेंब हा सावकाश विरघळणारा थेंब असतो. जपानमधील हिरोशिमा विद्यापीठातील शिनपेई तानाका, सातोशी नाकाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी इथिल सॅलिसिलेट हे तेल वापरले. दुखऱ्या सांध्यांना लावण्याच्या मलमांत असणाऱ्या मिथिल सॅलिसिलेटच्याच कुळातील हे द्रव्य आहे. सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणसदृश द्रव्याच्या द्रावणावर हा थेंब तरंगत ठेवला असता तो विरघळत जातो आणि भोवतीच्या पृष्ठभागाची घडण बदलतो. हा बदल सर्व बाजूंनी अगदी सारखा कधीच नसतो. योगायोगाने एका बाजूला किंचित फरक पडतो, थेंब जास्त ताणाच्या दिशेला सरकतो आणि सरकल्यामुळे तो फरक अधिकच वाढतो. अशा रीतीने आरंभीचा योगायोग पुढे दिशा बनतो.

एका थेंबाचे हे वर्तन समजले की समूहाचे आकलन सोपे होते. चालणारा थेंब आपल्यामागे बदललेल्या पाण्याची एक वाट सोडून जातो. दुसरा थेंब त्या वाटेजवळ आला की त्याला निराळा पृष्ठभाग मिळतो व त्याची दिशा बदलते. शिवाय तरंगणाऱ्या वस्तूंभोवती पृष्ठभाग किंचित वाकलेला असतो. त्या वाकामुळे जवळच्या वस्तू एकमेकींकडे ओढल्या जातात. चहावरील बुडबुडे एकत्र येऊन कपाच्या कडेला जमतात ते यामुळेच. एकीकडे ही ओढ, दुसरीकडे विरघळलेल्या द्रव्याने निर्माण केलेला दुरावा आणि खालून वाहणारे पाणी, या साऱ्यांतून थेंबांच्या मांडणीला आकार येतो. २०१७ मध्ये तानाका, नाकाता व ताकेशी कानो यांनी तरंगत्या थेंबांच्या समूहात निर्माण होणाऱ्या अशा गतिमान रचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही रचना कायमची नसते. थेंब विरघळत जातात, पृष्ठभागावरील ताणाचे फरक मिटत जातात आणि त्याबरोबर चालही संपते.

येथे एक गोष्ट विशेष नोंदवण्यासारखी आहे. कापराच्या खेळात तेल वा साबण गतीचा शत्रू ठरतो, तर थेंबांच्या प्रयोगात साबण हा गतीचा आधार असतो. द्रव्य तेच असले तरी संपूर्ण व्यवस्थेत त्याचे स्थान कोणते, यावर त्याचे कार्य ठरते.

समूहगतीच्या तीन उपपत्ती :

अनेक घटक एकत्र चालताना दिसले की त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः तीन प्रकारे दिले जाते.

पहिली उपपत्ती नायकाची होय. कोणीतरी पुढे असतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्याने चालतात. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. या समाजाची जुनी 'लदेणी', म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून होणारी तांड्याची वाटचाल, नायकाच्या नेतृत्वाखाली चाले. 'तांडा' या शब्दातच नायक गृहीत आहे.

दुसरी उपपत्ती अनुकरणाची होय. येथे नायक नसतो, पण प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहून चालतो. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये संगणकाच्या पडद्यावर पक्ष्यांचा थवा उभा केला तो तीन नियमांच्या आधारे : फार जवळ जाऊ नये, शेजाऱ्यांच्या दिशेशी दिशा जुळवावी आणि समूहाच्या मध्याकडे राहावे. हंगेरीचे तामास विचेक व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये याहून साधे प्रारूप मांडले. त्यातील प्रत्येक कण ठरावीक वेगाने चालतो आणि आसपासच्या कणांची सरासरी दिशा स्वीकारतो, त्यात थोडी चूक होत राहते. गर्दी पुरेशी दाट आणि चूक पुरेशी कमी असेल, तर सर्व कण एका दिशेने निघतात. मराठीतील 'गतानुगतिक' हा शब्द आणि मेंढरामागून मेंढरू जाण्याचा दाखला याच उपपत्तीचे लोकरूप आहे.

तिसरी उपपत्ती माध्यमाची होय आणि तेलथेंबांचा प्रयोग तिचे निर्मळ उदाहरण आहे. थेंबाला नायक नसतो. तो शेजाऱ्याचे अनुकरणही करीत नाही, कारण शेजारी पाहण्याचे कोणतेच साधन त्याच्याजवळ नाही. तो फक्त आपल्या कडेला लागलेल्या पाण्याला प्रतिसाद देतो. परंतु ते पाणी इतर सर्व थेंबांनी बदललेले असते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीराम रामस्वामी, अजय सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही या संदर्भात उद्बोधक आहे. कंप पावणाऱ्या पृष्ठभागावर लहान मण्यांच्या दाटीत एका टोकाला निमुळत्या अशा मोजक्या धातूच्या कांड्या ठेवल्या. कांड्या एकमेकींपासून दूर असूनही एका दिशेने चालू लागल्या, कारण मधल्या मण्यांनी एकीच्या हालचालीचा परिणाम दुसरीपर्यंत पोचवला. मणी स्वतःहून चालणारे नव्हते. ते केवळ मध्ये होते, पण त्यांच्यावाचून समूह झाला नसता.

उपमेची चार अंगे :

मराठी अलंकारविचारात उपमेची चार अंगे सांगितली जातात : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. वैज्ञानिक लेखनातील 'थेंबांचा थवा' या शब्दप्रयोगाला ही कसोटी लावल्यास थेंब हे उपमेय आणि पक्ष्यांचा थवा हे उपमान ठरते. साम्यवाचक शब्द लुप्त आहे. साधारण धर्म कोणता, हा खरा प्रश्न आहे. दोहोंत समान आहे ती केवळ दृश्य रचना : एकत्र येणे, दिशा जुळणे, वळण घेणे. या रचनेमागील कारण समान नाही. पक्षी पाहतो, थेंब पाहत नाही. पक्षी घाबरतो, थेंब घाबरत नाही. तरीही 'थवा' हा शब्द उच्चारताच कारणही समान असल्याचा भास होतो.

निर्जीवावर सजीवाच्या गुणांचा आरोप करण्याला मराठीत चेतनगुणोक्ती हा अलंकार मानतात. काव्यात तो शोभतो, कारण वाचकाला तो आरोप आहे हे ठाऊक असते. विज्ञानविषयक लेखनात मात्र हा अलंकार पुष्कळदा अलंकार म्हणून ओळखूच येत नाही. 'थेंब एकमेकांशी संवाद साधतात' हे वाक्य वाचणाऱ्या विद्यार्थ्याला संवाद कशाने झाला हे विचारावेसे वाटत नाही. शब्दानेच त्याचे समाधान केलेले असते. जेथून जिज्ञासा सुरू व्हावी तेथेच ती थांबते, हा या शब्दयोजनेचा मोठा दोष आहे.

याच्या उलट प्रकार अधिक गंभीर आहे. माणसांच्या समूहावर जडाचे गुण लादले जातात तेव्हा त्यास जडगुणारोप म्हणता येईल. 'लोंढा आला' असे म्हटल्याने येणाऱ्यांची कारणे पुसली जातात. मराठीत समूहवाचक शब्दांची मोठी संपत्ती आहे : थवा, कळप, झुंड, टोळी, जथा, घोळका, मेळा, जमाव, दिंडी. यांतील एकही शब्द तटस्थ नाही. 'टोळी' म्हटले की संशय येतो, 'दिंडी' म्हटले की आदर. त्यामुळे शब्दाची निवड होताच समूहाविषयीचा निवाडाही बहुधा झालेला असतो. त्या मानाने 'समूहगती' हा पारिभाषिक शब्द कोरडा असला, तरी तो निवाडा करीत नाही, हा त्याचा गुण मानला पाहिजे.

वाशीम जिल्ह्यातील सोयाबीन : उपमेची कसोटी :

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांतील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद ही येथील जुनी पिके. गेल्या काही दशकांत त्यांतील बऱ्याच पिकांची जागा सोयाबीनने घेतली. या बदलाविषयी बोलताना 'एकाने पेरले म्हणून दुसऱ्याने पेरले', 'शेतकरी मेंढरासारखा वागतो' अशी टीका वारंवार ऐकू येते. ही टीका म्हणजे अनुकरणाची उपपत्ती होय.

प्रत्यक्ष कारणांकडे पाहिल्यास मात्र चित्र निराळे दिसते. सोयाबीन साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत निघते. त्यामुळे ओल असेल तेथे त्याच शेतात रब्बीचा हरभरा घेता येतो. कापसाप्रमाणे वारंवार वेचणीची मजुरी लागत नाही. मळणीयंत्रावर थोड्या वेळात माल तयार होतो आणि बाजार समितीत नेल्यावर पैसा हाती येतो. ही कारणे प्रत्येक शेतकऱ्यासमोर स्वतंत्रपणे उभी असतात, ती समजण्यासाठी शेजाऱ्याची नक्कल करावी लागत नाही.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे प्रत्येकाच्या निर्णयाने सर्वांची परिस्थिती बदलत जाते. ज्वारीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गावशिवारात सगळीकडे ज्वारी असते तेव्हा पाखरांचा त्रास सर्वांत वाटला जातो. शेजारच्या शेतांतून ज्वारी गेली की उरलेल्या एकट्या शेतावर सारी पाखरे उतरतात, रानडुकरांचा व रोह्यांचा उपद्रवही तेथेच एकवटतो. मग राखण परवडत नाही आणि पुढील हंगामात तो शेतकरीही ज्वारी सोडतो. ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की बैल ठेवणे कठीण होते, बैल गेले की ट्रॅक्टर लागतो आणि ट्रॅक्टरच्या भाड्यासाठी रोख पैसा देणारे पीक लागते. दुसरीकडे सोयाबीन वाढले की त्याचे बियाणे, मळणीयंत्रे व व्यापारी गावाच्या अधिक जवळ येतात. येथे कोणी कोणाच्या मागे गेलेले नाही. प्रत्येकाच्या पावलाने खालची भूमी थोडी थोडी उतरती झाली आणि पुढील प्रत्येक पाऊल त्या उताराने पडले. तेलथेंबाने मागे सोडलेल्या वाटेशी या प्रक्रियेचे साम्य केवळ दृश्य स्वरूपाचे नाही, ते कारणाच्या पातळीवरचे आहे. म्हणूनच येथे उपमेचा साधारण धर्म खरा ठरतो.

या निष्पत्तीचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. दोष अनुकरणाचा मानला तर उपाय उपदेशाचा निघतो : शेतकऱ्याला समजावून सांगा, त्याचे प्रबोधन करा. कारण माध्यमात आहे असे मानले तर उपाय माध्यमात शोधावा लागतो. ज्वारीची सामूहिक राखण, कडब्याला मोल, तुरीसारख्या आंतरपिकाला भरवशाची खरेदी, या गोष्टींचा विचार मग प्रथम करावा लागतो. एकाच पिकाखाली सलग क्षेत्र आल्याने पिवळ्या मोझॅकसारख्या रोगाचा धोका वाढतो, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. ठाऊक असूनही एकट्याने दिशा बदलणे त्याला परवडत नाही, हा त्याच्या अडचणीचा गाभा आहे.

उपमेच्या मर्यादा :

दृष्टांत एकदेशी असतो, असे परंपरेने सांगितले आहे. प्रस्तुत दृष्टांतही त्यास अपवाद नाही. त्याच्या तीन मर्यादा येथे नोंदवणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा स्मरणाची आहे. थेंबाला काल आठवत नाही. शेतकऱ्याला दुष्काळाचे वर्ष, पडलेला भाव व फसलेले बियाणे आठवते आणि ते आठवूनच तो पेरतो.

दुसरी मर्यादा हेतूची आहे. शेगावहून पंढरपूरकडे जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी मालेगाव, शिरपूर, रिसोड या भागातून जाते. दुरून पाहणाऱ्याला त्या ओळी थेंबांच्या रांगांसारख्या दिसतीलही. परंतु वारकरी घरून निघतानाच कोठे जायचे हे ठरवून निघालेला असतो. टाळ, वीणा, भजन आणि चालीची शिस्त ही त्याने पत्करलेली असते. कायद्यालाही हा भेद मान्य आहे. पाच किंवा अधिक व्यक्ती एकत्र आल्या एवढ्यानेच जमाव बेकायदेशीर ठरत नाही, त्यांचे कायद्याने वर्ज्य ठरवलेले समान उद्दिष्ट असावे लागते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत कलम १४१ खाली असलेली ही व्याख्या १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १८९ मध्ये आहे. थेंबांना समान उद्दिष्ट नसते, असते ते समान पाणी.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. प्रयोगाचे वर्णन करताना 'रचना आपोआप निर्माण झाली' असे लिहिले जाते. परंतु भांडे किती रुंद, द्रावण किती तीव्र, तेल कोणते आणि थेंब किती, हे सारे प्रयोगकर्त्याने ठरवलेले असते. 'आपोआप' हा शब्द भांड्याच्या आत खरा आहे, भांड्याविषयी तो खरा नाही. समाजाविषयी बोलताना हा शब्द जसाच्या तसा वापरल्यास जबाबदारीच नाहीशी होते. हमीभाव, खाद्यतेलावरील आयातशुल्क, सिंचन, पीकविमा या गोष्टी आपोआप झालेल्या नसतात. त्या कोणीतरी ठरवतो आणि त्यांनी शेतीच्या पृष्ठभागावरील ताण बदलतो. समूहाला नायक नाही याचा अर्थ परिस्थितीला कर्ता नाही असा होत नाही. शिवाय थेंब भांड्याविरुद्ध तक्रार करू शकत नाही, माणूस करू शकतो. तो एकत्र येऊन भांडे बदलण्याची मागणी करतो, तेव्हा त्याची समूहगती थेंबांच्या समूहगतीहून मुळातच वेगळी झालेली असते.

निष्कर्ष :

१. साबणाच्या पाण्यावरील तेलथेंबांची समूहगती नायकाने किंवा अनुकरणाने घडत नाही. प्रत्येक घटकाने बदललेल्या सामाईक माध्यमातून ती घडते.

२. 'थवा', 'संवाद' यांसारखी चेतनगुणोक्ती विज्ञानलेखनात वापरताना ती अलंकार आहे हे स्पष्ट केले पाहिजे. अन्यथा कारणांचा शोध शब्दापाशीच थांबतो.

३. वाशीम जिल्ह्यातील सोयाबीनकडे झालेला कल समजून घेण्यास मेंढराच्या दाखल्यापेक्षा थेंबाचा दृष्टांत अधिक उपयुक्त व अधिक न्याय्य आहे, कारण तो शेतकऱ्याच्या बुद्धीला दोष न देता त्याच्या परिस्थितीकडे लक्ष वेधतो.

४. हा दृष्टांत स्मरण, हेतू आणि जबाबदारी या तीन ठिकाणी अपुरा पडतो. तेथे तो सोडून दिला पाहिजे.

५. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत कापूर किंवा थेंब पाहणारा विद्यार्थी आणि मराठीच्या तासाला उपमेची अंगे शिकणारा विद्यार्थी एकाच महाविद्यालयात असतो, कित्येकदा तो त्याच गावच्या शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी असते. ही तिन्ही ज्ञाने त्याच्यापर्यंत वेगवेगळ्या वर्गांतून पोचतात. त्यांची गाठ घालून देण्याचे काम आंतरविद्याशाखीय अध्यापनाने हाती घेणे गरजेचे आहे.